नो कॉस्ट ईएमआय आणि पे लेटर: उधारी दोन्ही, पण सारखी नाही

दिवाळीच्या सेलमध्ये नागपुरातल्या धरमपेठेतला पगारदार आणि हिंगणा एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा पोरगा एकाच ॲपवर एकच फोन पाहतात. किंमतही तीच दिसते. फरक पडतो तो पैसे भरायच्या पानावर. तिथे पहिल्याला ‘नो कॉस्ट ईएमआय’ मिळतो, दुसऱ्याला बहुधा ‘पे लेटर’. दोन्हींना लोक सरसकट ‘हप्त्यावर घेतलं’ म्हणतात. पण ही दोन वेगळी कर्जं आहेत.

नो कॉस्ट ईएमआय मुख्यतः क्रेडिट कार्डावर चालतो. बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट ब्रँड किंवा विक्रेता किमतीत आधी देतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं आहे. 20,000 चा फोन, सहा हप्ते, 15 टक्के दर धरा. व्याज साधारण 850 रुपये होतं आणि ते आधी मिळालेल्या सवलतीत वळतं होतं. मात्र त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे दीडेकशे रुपये, आणि प्रोसेसिंग फी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. म्हणजे अगदी फुकट नाही, पण स्वस्त आहे.

पे लेटरला कार्ड लागत नाही. पॅन, आधार आणि ओटीपी दिला की काही मिनिटांत उधारीची मर्यादा मंजूर होते. ॲपच्या मागे एखादी बँक किंवा वित्त कंपनी असते आणि कर्ज तीच देते. घेणाऱ्याला मात्र आपण कर्ज घेतलं असं वाटतच नाही. ॲपने थोडे दिवस थांबायची सवलत दिली, इतकंच वाटतं. ठरलेल्या तारखेला पैसे भरले तर बऱ्याचदा व्याज लागत नाही. तारीख चुकली की दंड सुरू. तो पुष्कळदा ठोक असतो, म्हणून लहान खरेदीला जास्त झोंबतो: हजाराच्या चपला-कपड्यांवर 100 रुपये दंड म्हणजे थेट 10 टक्के. कंत्राटदाराने पगार आठवडाभर लांबवला, की हीच वेळ येते. शिवाय चुकलेला हप्ता कर्जफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीत जातो आणि पुढे दुचाकीच्या कर्जाच्या वेळी समोर येतो.

कार्डवाल्यानेही बिल थकवलं तर व्याज जबर लागतं, हे खरं. पण त्याचा पगार ठरल्या तारखेला होतो, आणि पगाराची स्लिप दाखवूनच त्याला कार्ड मिळालेलं असतं. सेलमधली बँकेची सूटही कार्डालाच. ज्याच्या हाती रोख मजुरी पडते, तो कॅश ऑन डिलिव्हरी निवडतो. त्याला ही सूट नाही, वर काही ठिकाणी त्याचं वेगळं शुल्क. हातात कमी पैसा असलेल्यालाच वस्तू महाग पडते, आणि ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

पे लेटर घ्यायचंच असेल तर एक कागद आधी मागा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने मुख्य माहितीचं पत्रक द्यायलाच हवं. त्यात वार्षिक एकूण दर, दंड आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेरही पडता येतं.