एकगठ्ठा मतदान मोजायचं कसं?

मतमोजणीचा गुलाल धुतला जायच्या आत पुण्यात दुसरी मोजणी सुरू होते. कसब्याची 2023ची पोटनिवडणूक काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी जिंकले, तेव्हा कोणता समाज भाजपवर नाराज होता याचीच चर्चा पेठांमध्ये रंगली. 2024मध्ये तिथेच भाजपचे हेमंत रासने 19 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले आणि तीच चर्चा उलट्या दिशेने झाली. अशा वेळी ‘अमुक समाजाची इतके टक्के मतं अमक्याला’ असे दशांश चिन्हासकट आकडे फिरतात. मत गुप्त असतं, यंत्र जात विचारत नाही. मग हा आकडा येतो कुठून?

बहुतेकदा दोन कागदांवरून. पहिला नमुना 20, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली याचा अधिकृत तक्ता. दुसरी मतदार यादी, तिच्यातली आडनावं मोजून लावलेला जातीचा अंदाज. हे दोन कागद शेजारी ठेवून निष्कर्ष काढताना काय घसरतं, ते एका कल्पित केंद्रावर पाहू.

समजा 1,000 मतं पडली. त्यातली 600 ‘अ’ समाजाची, 400 इतरांची. एका पक्षाला 500 मतं मिळाली. आता ‘अ’मधल्या किती जणांनी त्या पक्षाला मत दिलं? इतर चारशेही जणांनी त्यालाच दिलं असेल, तर ‘अ’कडून आली फक्त 100, म्हणजे 17 टक्के. इतरांपैकी एकानेही दिलं नसेल, तर पाचशेच्या पाचशे ‘अ’ची, म्हणजे 83 टक्के. खरं उत्तर 17 ते 83च्या मध्ये कुठेही असेल. त्या केंद्राचा कागद याहून जास्त एक अक्षर सांगत नाही.

दुसरं केंद्र घ्या. 1,000पैकी 950 ‘अ’चे, पक्षाला 700 मतं. इथे ‘अ’चा पाठिंबा 68 ते 74 टक्क्यांत अडकतो, हे खरं ज्ञान आहे. पण उरलेल्या 50 जणांबद्दल? शून्य ते शंभर, काहीही. संख्येने लहान आणि विखुरलेला समाज या पद्धतीला दिसतच नाही, आणि नेमक्या अशाच समाजांबद्दल छातीठोक विधानं केली जातात.

ही कमाल-किमान मर्यादांची पद्धत डंकन आणि डेव्हिस या समाजशास्त्रज्ञांनी 1953मध्ये मांडली. त्याआधी, 1950मध्ये, समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी मोठा इशारा दिला होता. अमेरिकेच्या 1930च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त होती. प्रत्यक्षात व्यक्ती म्हणून पाहिलं, तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी अधिकच होती. स्थलांतरित लोक वसले ते जिथे स्थानिक जास्त शिकलेले होते अशा राज्यांत. समूहाच्या आकड्यांनी व्यक्तीबद्दल उलटंच चित्र उभं केलं.

संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांची युक्ती वेगळी. आडव्या अक्षावर केंद्रातला ‘अ’चा वाटा, उभ्यावर पक्षाच्या मतांचा वाटा, प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. ठिपक्यांमधून रेषा काढून ती उजवीकडे 100 टक्क्यांपर्यंत वाढवायची. तिथली उंची म्हणजे ‘अ’चा पाठिंबा, डावीकडे शून्यावरची उंची म्हणजे इतरांचा. पण यात गृहीत धरलंय, की ‘अ’ लोक कुठेही राहत असले, तरी सारखंच मत देतात. वस्तीत आपल्याच लोकांत राहणारं कुटुंब आणि कोथरूडच्या सोसायटीतलं त्याच समाजाचं कुटुंब यांचे प्रश्न वेगळे, तशी मतंही वेगळी. गृहीतक मोडलं की उत्तर कधी 108 टक्के येतं, कधी उणे. ते गुपचूप 100वर कापू नये. मांडणीच चुकली म्हणून बाजूला ठेवावं. चुकीचं उत्तर 0 ते 100च्या आत पडलं, तर चूक दिसतही नाही. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी 1997मध्ये मर्यादा आणि रेषा एकत्र आणल्या, तरी गृहीतक लागतंच.

त्यात केंद्रातला ‘अ’चा वाटाच मुळात कच्चा. 1931नंतरच्या जनगणनांतून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींचे आकडे आलेले नाहीत, म्हणून आडनावांवर भिस्त. पाटील हे मूळ पदाचं नाव. मराठा, आगरी, लिंगायत, जैन अशा कितीतरी समाजांत सापडतं. जाधव, पवार, गायकवाडांचंही तेच. शिवाय यादीतले 600 म्हणजे मत दिलेले 600 नव्हेत. म्हणून ‘मतदान केलंच नाही’ हाही एक पक्ष धरून आधी त्याचा हिशेब करावा लागतो.

उरतो थेट विचारण्याचा मार्ग. लोकनीती-सीएसडीएस हा दिल्लीतल्या अभ्याससंस्थेचा निवडणूक-सर्वेक्षण गट मतदानानंतर घरी जाऊन नकली मतपत्रिका भरून घेतो. ही पद्धत जास्त भरवशाची. पण एखाद्या समाजाचे 150 जणच नमुन्यात असतील, तर चूक 8 टक्क्यांपर्यंत दोन्ही बाजूंना जाऊ शकते.

जातीचा मतावर परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो रक्तातून येत नाही. राज्यशास्त्रज्ञ डॅनिएल पोस्नर यांनी 2004मध्ये चेवा आणि तुंबुका या समाजांचा अभ्यास मांडला. मलावी आणि झांबिया या आफ्रिकेतल्या शेजारी देशांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच लोक, तीच भाषा. मलावीत दोन्ही समाज संख्येने मोठे, म्हणून राजकीय प्रतिस्पर्धी. झांबियात दोन्ही लहान, म्हणून मित्र. पुण्यातही महापालिकेच्या प्रभागात तिसरा हिस्सा असलेला समाज लोकसभा मतदारसंघात पाच टक्क्यांवर येऊ शकतो. म्हणून एका निवडणुकीचा आकडा दुसऱ्या निवडणुकीला लावता येत नाही, मतदार तेच असले तरी.