उपचारसंबंध आणि ऑनलाइन मानसोपचार

मानसोपचारात थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यात कामापुरते, पण खरेखुरे नाते तयार होते. त्याला उपचारसंबंध म्हणतात. मैत्री, घरच्यांची माया किंवा डॉक्टरांवरचा विश्वास यांच्याशी त्याचे थोडेफार साम्य आहे, पण ते यांपैकी एकही नाही. त्याला ठरलेली वेळ असते, ते दोघांपैकी एकाच्याच भल्यासाठी असते आणि काम झाले की ते संपावे, हे सुरुवातीपासून दोघांनाही मान्य असते. मानसोपचाराला गुण येतो तो कशामुळे, यावर अनेक दशके झालेल्या संशोधनात इतक्या सातत्याने पुढे आलेले घटक फार थोडे आहेत. उपचार इंटरनेटवरून होऊ लागले तेव्हा हे नाते पडद्यापलीकडून जुळेल का, अशी शंका अनेक थेरपिस्टनी घेतली होती. आतापर्यंतचे संशोधन सांगते की ते जुळते. मात्र ते दुखावले गेले तर लक्षात यायला आणि सावरायला जास्त जागरूकता लागते, आणि या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ आणि १९१३ मधल्या उपचारतंत्रावरील लेखांत या नात्याची पहिली नीट मांडणी केली. जुन्या नात्यांतल्या भावना रुग्ण डॉक्टरांवर आणून ठेवतो आणि त्यातून उपचारात अडथळे येतात, हे त्यांनी दाखवले. त्याच भावनांतला स्नेहाचा, विश्वासाचा भाग मात्र उपचाराला आधार देतो, असेही ते म्हणाले. रुग्णाचे उपचाराशी आणि उपचार करणाऱ्याशी नाते जुळवणे हे पहिले काम, असे त्यांचे मत होते. पुढे रिचर्ड स्टर्बा, एलिझाबेथ झेट्झेल आणि राल्फ ग्रीनसन यांनी मनोविश्लेषणाच्या चौकटीतच ही कल्पना वाढवली. दरम्यान १९३६ मध्ये सॉल रोझेनझ्वाइग यांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. एकमेकींशी न पटणाऱ्या उपचारपद्धतींना सारखेच यश मिळत असेल, तर ते यश त्या सगळ्यांत समान असलेल्या गोष्टींमुळे मिळत असावे.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये याहून धाडसी विधान केले. थेरपिस्टची समानुभूती, विनाअट आदर आणि सच्चेपणा हे बदलासाठी आवश्यक तर आहेतच, पण तेवढे पुरेसेही आहेत, असे ते म्हणाले. ‘पुरेसे’ हा भाग संशोधनात टिकला नाही. त्यांनी घातलेली आणखी एक अट मात्र ऑनलाइन उपचारांच्या संदर्भात फार मोलाची ठरते : समानुभूती आणि आदर थेरपिस्टच्या मनात असून भागत नाही, क्लायंटला ते थोडे तरी जाणवले पाहिजेत. माध्यम बदलले की थेरपिस्टचे मन बदलत नाही. बदलते ते हे जाणवणे.

आजचे बहुतेक संशोधन एडवर्ड बॉर्डिन यांच्या १९७९ मधल्या मांडणीवर उभे आहे. कुठल्याही पद्धतीच्या उपचारात या नात्याचे तीन धागे असतात, असे त्यांनी सांगितले : कुठे पोहोचायचे याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचे याबद्दल एकमत, आणि दोघांमधला आपुलकीचा व विश्वासाचा बंध. समजा, एखाद्याला झोप येत नाही म्हणून तो थेरपीला आला. थेरपिस्टचा मात्र कयास असा की मूळ दुखणे लग्नातल्या घुसमटीत आहे आणि बोलणे तिकडेच न्यावे. थेरपिस्ट त्याला आवडते, ती ऐकून घेते असेही त्याला वाटते. म्हणजे बंध आहे. पण प्रत्येक भेटीनंतर तो मनाशी म्हणतो, ‘झोपेचे काय?’ बॉर्डिन यांच्या दृष्टीने हे नाते अर्धवटच जुळलेले आहे. नाते म्हणजे केवळ जिव्हाळा, असा समज थेरपीबद्दल बोलताना वारंवार दिसतो. दोघे मिळून काय करायचे यावरची सहमतीही नात्याचाच भाग आहे, ही बॉर्डिन यांची देणगी.

ॲडम होर्वाथ आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी याच तीन धाग्यांवरून १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिची १२ विधानांची छोटी आवृत्तीही खूप वापरली जाते. क्लायंट, थेरपिस्ट किंवा तिसरा निरीक्षक, कोणीही ती भरू शकतो. एकाच नात्याबद्दल दोघांचे उत्तर सारखे येतेच असे नाही. सरासरीने पाहता क्लायंट थेरपिस्टपेक्षा थोडे जास्त गुण देतात.

होर्वाथ आणि डायान सायमंड्स यांनी १९९१ मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले. नाते आणि उपचाराचा परिणाम यांच्यातला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) ०.२६ निघाला. क्रिस्तोफ फ्ल्यूकिगर, ब्रूस वॅम्पोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा, म्हणजे ३० हजारांहून अधिक क्लायंटचा आढावा घेतला, तेव्हा समोरासमोरच्या थेरपीसाठी तो ०.२७८ आला. इतक्या वर्षांत, इतक्या वेगवेगळ्या पद्धतींत हा आकडा जवळपास हललेला नाही. परिणामांतल्या तफावतीपैकी सुमारे आठ टक्के तफावत या नात्याशी जोडता येते, असा त्याचा अर्थ. आठ टक्के ऐकायला कमी वाटतात. पण माणूस बरा होण्यात त्याची परिस्थिती, आजाराची तीव्रता, घरचा आधार अशा कितीतरी गोष्टी असतात. त्या सगळ्यांमध्ये एकाच घटकाचा एवढा वाटा लहान नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट जॉन नॉरक्रॉस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मानसोपचार विभागाने १९९९ मध्ये अभ्यासगट नेमला, तो यासाठीच. कोणत्या आजारावर कोणती पद्धत चालते याच्या याद्या तेव्हा जोरात तयार होत होत्या, आणि उपचार करणारा माणूस व त्याचे क्लायंटशी असलेले नाते त्या याद्यांतून गळून पडले होते.

आक्षेपही रास्त आहे. बरे वाटू लागले म्हणून थेरपिस्ट आवडू लागली, असे कशावरून नसेल? या शंकेमुळे संशोधकांनी दर भेटीला नाते आणि लक्षणे दोन्ही मोजायला सुरुवात केली. स्वीडनमधले फ्रेड्रिक फाल्केनस्ट्रोम आणि सहकारी यांच्या २०१३ मधल्या अभ्यासात परिणाम दोन्ही दिशांनी दिसला : लक्षणे कमी झाली की नाते सुधारते, आणि नाते सुधारले की पुढच्या भेटीपर्यंत लक्षणेही कमी होतात. त्याआधी २००७ मध्ये स्कॉट बाल्डविन यांच्या गटाने ८० थेरपिस्ट आणि ३३१ क्लायंटची माहिती तपासली होती. परिणाम ठरवणारा फरक क्लायंटमधला नव्हता, तर थेरपिस्टमधला होता. काही थेरपिस्ट नाते जुळवण्यात इतरांपेक्षा सरस असतात आणि त्यांच्या क्लायंटना जास्त गुण येतो. ‘क्लायंटच सहकार्य करत नाही’ ही तक्रार करण्याआधी हा निष्कर्ष आठवावा.

ऑनलाइन थेरपी या एकाच नावाखाली दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. एकीत थेरपिस्ट आणि क्लायंट व्हिडिओवर ठरल्या वेळी बोलतात. दुसरीत क्लायंट आठवड्याला एक पाठ वाचतो, त्यातले स्वाध्याय करतो आणि थेरपिस्ट लेखी उत्तर देते. एका क्लायंटमागे आठवड्याला साधारण १० ते १५ मिनिटेच तिचा वेळ जातो. हा दुसरा प्रकार नेदरलँड्समध्ये आल्फ्रेड लांगे यांनी मानसिक आघातानंतरच्या लेखनोपचारासाठी आणि स्वीडनमध्ये गेर्हार्ड आंदेर्शोन, पेर कार्लब्रिंग यांनी सीबीटीसाठी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीसाठी, विकसित केला. कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये समोरासमोरची सीबीटी आणि अशी मार्गदर्शित ऑनलाइन सीबीटी यांची थेट तुलना करणारे २० अभ्यास एकत्र केले. परिणामांत फरक जवळजवळ नव्हता. फ्ल्यूकिगर यांच्या आढाव्यात इंटरनेटवरील उपचारांचे २३ अभ्यास वेगळे काढलेले होते. त्यांत नाते आणि परिणाम यांचा सहसंबंध ०.२७५ आला, म्हणजे प्रत्यक्ष भेटीइतकाच.

ज्या थेरपिस्टचा चेहराही पाहिलेला नाही, तिच्याशी नाते जुळते कसे? लेखी उपचारात ते उत्तरांतून जुळते. ब्यॉर्न पाक्सलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चिंताविकाराच्या ऑनलाइन उपचारातले थेरपिस्टचे शेकडो ईमेल वाक्यावाक्याने तपासले. समजून घेणारी वाक्ये आणि कामाची आठवण करून देणारी वाक्ये जिथे जास्त होती, तिथे क्लायंटनी जास्त पाठ पूर्ण केले. केलेल्या कामाची नेमकी दखल जिथे घेतली गेली, तिथे काळजी करण्याचे प्रमाणही घटले. ‘हरकत नाही, पुढच्या आठवड्यात पाठवा’ अशी सवलत जितकी जास्त, तितका परिणाम उणा. यातून सवलतच घात करते असे सिद्ध होत नाही, कारण ज्याला बरे वाटत नाही तोच मुदत मागतो. तरीही, तुमचे काम कोणीतरी वाचते आहे आणि त्याची वाट पाहते आहे, ही जाणीव लेखी उपचारात फार मोठे काम करते, एवढे नक्की. डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आधार आणि उत्तरदायित्व यांची सांगड घालणारे जे प्रारूप मांडले, त्याचा गाभा हाच आहे. मध्यम आणि तीव्र नैराश्यात माणसाची साथ असलेले कार्यक्रम नुसत्या कार्यक्रमांपेक्षा सरस ठरतात. सौम्य नैराश्यात हा फरक बराच कमी होतो.

व्हिडिओचे चित्र थोडे वेगळे आहे. नॉरवुड आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या आढाव्यात व्हिडिओवरच्या नात्याला प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी गुण मिळाले, पण लक्षणे मात्र तितकीच कमी झाली. कॅमेरा पडद्याच्या वर असल्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे तर आपली नजर त्याला खाली झुकलेली दिसते. हातांची चुळबुळ, हलणारा पाय चौकटीबाहेर राहतो. दुसरीकडे, जॉन सुलर यांनी २००४ मध्ये नोंदवल्याप्रमाणे पडद्याआड माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो. लाजेपोटी वर्षानुवर्षे न बोललेली गोष्ट काही जण पहिल्याच भेटीत सांगतात. हा मोकळेपणा दोन्ही बाजूंनी काम करतो. फार लवकर फार बोलून गेलेला माणूस पुढच्या भेटीला येईलच असे नाही.

खरी कसोटी तडा जातो तेव्हा लागते. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी उपचारसंबंधातल्या तड्यांचे दोन प्रकार सांगितले : क्लायंट उघड नाराजी दाखवतो, किंवा मुकाट्याने माघार घेतो. असे तडे बहुतेक उपचारांत जातात, आणि ते भरून निघाले तर परिणाम चांगला मिळतो. व्हिडिओवर माघार ओळखणे कठीण जाते. एक क्लायंट वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, तेव्हा मनात आलेल्या एका विचाराबद्दल बोलते आहे. नेमक्या त्या वाक्याला आवाज तुटतो. थेरपिस्टला शेवटचे दोनच शब्द ऐकू येतात आणि सवयीने ती ‘हं’ म्हणते. यानंतर क्लायंट ऑफिसच्या कामाबद्दल बोलू लागते, नीट, हसून. इथे गप्प राहिले तर तडा तसाच राहतो. थेरपिस्टने म्हणायला हवे ते साधे आहे : ‘मघाशी तुमचा आवाज गेला होता. मी हं म्हटलं, पण मला ऐकू आलं नव्हतं. महत्त्वाचं काही माझ्याकडून निसटलं का?’ दोष नेटवर्कचा होता, तरी तो क्लायंटला दुर्लक्षासारखा लागला असेल, हे थेरपिस्टने गृहीत धरावे. प्रत्यक्ष भेटीत ‘हं’नंतरचा अवघडलेपणा दोघांनाही जाणवला असता. इथे तो शब्दांत विचारावा लागतो.

माणसाऐवजी यंत्राशी नाते जुळते का, हा प्रश्नही जुना आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये तयार केलेला एलिझा हा संगणक कार्यक्रम रॉजर्स यांच्या धर्तीच्या थेरपिस्टची नक्कल करत क्लायंटचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारत असे. लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागल्याने खुद्द वायझेनबाउम अस्वस्थ झाले. आजच्या चॅटबॉटना वापरकर्ते उपचारसंबंधाच्या प्रश्नावलीवर चांगले गुण देतात, विशेषतः बंधाच्या विधानांवर. मात्र ही प्रश्नावली दोन माणसांसाठी बनली होती. बंध वाटणे हे वापरकर्त्याचे खरे अनुभवणे आहे, हे मान्य. उद्दिष्टाबद्दलची सहमती मात्र दोघांकडून व्हावी लागते, आणि यंत्राने ती दिली असे म्हणायला आधार नाही.

ऑनलाइन उपचार सुरू करताना काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. क्लायंट आत्ता नेमका कुठे आहे, हे दर भेटीच्या सुरुवातीला विचारतात, कारण जिवावरचा प्रसंग आला तर मदत तिथे पाठवावी लागते. तातडीच्या वेळी संपर्क करण्यासाठी एका जवळच्या व्यक्तीचे नाव आधीच घेतले जाते. बोलणे दुसऱ्या कोणाच्या कानावर पडणार नाही ना, याची खात्री दोन्ही बाजूंनी केली जाते. घरात एकांत नसेल तर काही क्लायंट गाडीत बसून बोलतात. भेट मध्येच तुटली तर कोण कोणाला, किती मिनिटांत, कोणत्या क्रमांकावर फोन करणार, हे पहिल्याच भेटीत ठरवून लिहून ठेवतात.