अँपचा नॉब नंतर, आधी कॅब फिरवा

कोकणात कुठल्याही गावच्या गणपतीला, जत्रेला किंवा शाळेच्या गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा असला की हा संवाद ठरलेला. पहिल्या रांगेतला कोणीतरी ओरडतो, "अरे ट्रेबल कमी कर मेल्या, कान फुटतले!" आणि गिटारवाला म्हणतो, "माका तर ऐकाकच येना नाय." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. एकच स्पीकर, एकच आवाज, पण दोघांच्या कानात पोचतंय ते वेगवेगळं, आणि यात अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) किती महागाचा, पेडल कुठलं याचा काही संबंध नाही, संबंध आहे तो कॅब, म्हणजे स्पीकरचं खोकं, कुठे ठेवलीय नि तिचं तोंड कुठे आहे याचा.

गिटारच्या कॅबमध्ये बहुतेक वेळा १२ इंची स्पीकर असतो, त्याचा हलणारा कागदी शंकू, म्हणजे कोन, धरा साधारण २६ सेंटीमीटर रुंद. आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला जवळपास ३५० मीटर, म्हणजे १०० हर्ट्झच्या जाड आवाजाची तरंगलांबी साडेतीन मीटर झाली, नि ३००० हर्ट्झच्या धारदार आवाजाची जेमतेम १२ सेंटीमीटर. नियम असा की तरंगलांबी कोनपेक्षा मोठी असेल तर आवाज सगळीकडे पसरतो, आणि छोटी झाली की तो टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. २६ सेंटीमीटरच्या कोनचं हे १३००-१४०० हर्ट्झच्या आसपास ठळक व्हायला लागतं, आणि गिटारचा चावा, ती कडक धार, असते २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये, म्हणजे नेमकी झोतात. ३००० हर्ट्झला तर गणितानुसार समोरच्या रेषेपासून ३३ अंश बाजूला गेलात की आवाज जवळजवळ शून्यावर येतो (खरा कोन वाकतो, मुडपतो, म्हणून अगदी शून्य होत नाही, पण पडतो मात्र भरपूर).

आता हे स्टेजवर लावून बघा. कॅब जमिनीवर, स्पीकरचा मध्य २५ सेंटीमीटर उंचीवर, गिटारवाला समोर एक मीटरवर उभा, त्याचा कान १६० सेंटीमीटरवर, तर कान त्या रेषेच्या ५३ अंश वर आला! झोत त्याच्या पोटऱ्यांवर आदळतोय, वर पोचतोय तो नुसता गुबगुबीत जाड आवाज, मग तो बिचारा ट्रेबल वाढवतो, प्रेझेन्स वाढवतो (दोन्ही वरच्या, धारदार आवाजाचे नॉब), आणि तीच धार सरळ जाते खाली खुर्च्यांवर बसलेल्या लोकांच्या कानात. पहिल्या रांगेची तक्रार तिथून येते.

उपाय फुकट आहे. शाळेतला लाकडी बाक घ्या, कॅब त्यावर ठेवा आणि स्वतःपासून तीन मीटरवर मागे न्या, त्या ५३ अंशांचे १७ होतात. मागे जायला जागा नसेल, आणि मांडवातल्या स्टेजवर ती कधीच नसते, तर कॅबचं पुढचं टोक उचला. चिऱ्याचा चपटा तुकडा पुढच्या कडेखाली सरकवला तरी चालतं, २५ सेंटीमीटर खोलीच्या कॅबला पुढून १० सेंटीमीटर उचललं की ती तेवीस-चोवीस अंश वर बघायला लागते, फक्त मागे टेका द्या, नाहीतर एखाद्या जोरदार कॉर्डला सगळंच उताणं. प्लॅस्टिकची खुर्ची शक्यतो नको, ती स्वतःच खडखडते. हे काही गावठी जुगाड नाही बरं, ६० च्या दशकातल्या फेंडर ट्विन रिव्हर्बला बाजूला तिरके लोखंडी पाय असायचे ते ह्याचसाठी, आणि मार्शलच्या चार स्पीकरवाल्या तिरक्या कॅबमध्ये वरचे दोन स्पीकर आकाशाकडे थोडे झुकलेले असतात. दोन स्पीकरची कॅब असेल तर ती आडवी न ठेवता उभी ठेवून बघा, शेजारी-शेजारी ठेवलेले स्पीकर बाजूला बसलेल्यांसाठी एकमेकांचे काही सूर खातात, एकावर एक असतील तर तो त्रास आडव्या दिशेत राहत नाही.

एवढं झालं की भिंत. भिंतीचा विषय मला सगळ्यात आवडतो कारण इथे कुठल्या तारेचा सूर दबणार ते थेट सांगता येतं. जाड आवाज कॅबच्या मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो नि पुढच्या आवाजात मिसळतो. जायला-यायला लागलेलं अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं असलं की तो उलटा मिसळतो आणि सूर दबतो. हिशोब सोपा, ३५० ला भिंतीपासूनच्या अंतराच्या चौपटीने भागा. बंद पाठीच्या कॅबचा कोन भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८७ हर्ट्झ, म्हणजे सहाव्या तारेचा पहिला फ्रेट, खालचा एफ. ६० सेंटीमीटरवर असेल तर १४६, ही तर मोकळी चौथी तार, डी! मग वाजवणारा तार बदलतो, अँप उघडतो, पिकअप वरखाली करतो, आणि खरं दुखणं भिंतीपासूनचं ते अंतर. म्हणून बंद कॅब एकतर भिंतीला लगटून ठेवा नाहीतर चांगली दूर, मधलं अर्धा ते एक मीटर हे सगळ्यात वाईट.

पाठ उघडी असलेला कॉम्बो (अँप नि स्पीकर एकाच खोक्यात) असेल तर मात्र उलटं. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो, म्हणजे मागून निघणारा आवाज मुळातच उलटा, तो भिंतीवरून आला की त्याच ६० सेंटीमीटरवर तोच डी दबण्याऐवजी फुगतो. आणि असा कॉम्बो भिंतीला चिकटवला तर अगदी खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्याला निदान दीड-दोन फूट मोकळं सोडाच.

कोपरा हा शॉर्टकट आहे. जमीन, मागची भिंत, बाजूची भिंत, प्रत्येक पृष्ठभाग अगदी जाड आवाजाला कागदावर ६ डेसिबलपर्यंत भर घालतो, कोपऱ्यात तिन्ही एकदम भेटतात. छोट्या अँपला अंग हवं असेल तर ठीक, पण बँडमध्ये बेस गिटार नि ढोलकी आधीच तिथेच खाली बसलेली असते, तिघं एकाच खालच्या पट्ट्यात घुसले की नुसता गोंगाट.

आपल्याकडे म्हणतात चिऱ्याची भिंत आवाज पिते. मला ते अर्धंच पटतं. न गिलावा केलेल्या चिऱ्याला भोकं असतात पण एक-दोन सेंटीमीटरची, गिटारच्या कॅबमधून येणारा वरचा आवाजही ४-५ हजार हर्ट्झचा म्हणजे सात-आठ सेंटीमीटर लांबीचा, त्याला विखुरण्यापुरती ती भिंत सपाटच. आणि जाड आवाजासाठी तो जड दगड म्हणजे चेंडू मारायची भिंत! कौलारू घराचा खरा फायदा वर आहे, छप्पर उतरतं असतं, जमिनीला समांतर नसतं, त्यामुळे वर-खाली होणारी घुमी स्लॅबच्या खोलीपेक्षा कमी जाणवते.

चौदा फुटी खोलीत सराव करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, समोरासमोरच्या भिंतींमध्ये खोली आपोआप ज्या सुरांना घुमते त्यातला दुसरा येतो ८२ हर्ट्झला, आणि गिटारची मोकळी सहावी तार आहे ८२.४. ती छेडली की खिडकीची काच थरथरते, आणि लोक म्हणतात अँप जाड आहे. बंद पाठीची कॅब भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे खोलीच्या पाव लांबीवर आणली की तेवढा सूर शांत होतो (वरचं एक मीटरचं गणित आठवा, तेच आहे हे, इथे ते आपल्या बाजूने वापरायचं). आणि खळ्यात किंवा कापडी मांडवात हे काहीच लागू नाही, कापड जाड आवाज अडवतच नाही, म्हणून घरी लावलेलं सेटिंग तिथे सपक वाटतं. तिथे बेस थोडा वाढवायला हरकत नाही.

मोठ्या कार्यक्रमात कॅबला माईक लावतात, बहुतेकदा १९६५ पासून चालत आलेला शुअरचा एसएम ५७. तिथेही झोताचाच खेळ, स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धरला तर चिरका, कोनच्या कडेकडे दोन-चार सेंटीमीटर सरकवला की मऊ, आणि जाळीला अगदी चिकटवला तर बेस फुगतो. साउंडवाल्याने इक्वलायझरला हात लावण्याआधी माईक सरकवून बघावा, बरेचजण बघत नाहीत.

आणि भिंतीला लगटून हे फक्त वाजवताना. पावसाळ्यात कॅब चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल धरते, कागदी कोन ती ओल ओढून घेतो, जाळीच्या कापडावर बुरशी येते आणि खाऱ्या हवेने जॅक गंजतो. चार बोटं लांब, पाटावर, कापड टाकून ठेवा, नि अधूनमधून वाजवत राहा.