रीड-ओन्ली साठ्यावरील लेखन-त्रुटी

ज्या डिस्कवरून किंवा मेमरी कार्डावरून फक्त वाचता येते, तिच्यावर प्रोग्रॅम लिहायला गेला की ऑपरेटिंग सिस्टीम नकार देते. लिनक्समध्ये हा नकार ईआरओएफएस (क्रमांक ३०) या त्रुटीने कळतो, विंडोजमध्ये १९ क्रमांकाने. परवानगी नसणे किंवा जागा संपणे या निराळ्या त्रुटी. तरी कित्येक प्रोग्रॅम सगळ्यांवर ‘सेव्ह झाले नाही’ एवढेच म्हणून मोकळे होतात.

सीडी-रॉमवर लिहिता येत नाही हे आधीच माहीत असते. एसडी कार्डाच्या कडेची खिट्टी मात्र फसवी : ती कार्ड स्वतः पाळत नाही, रीडर पाहतो. खरी अडचण चालू कामात रीड-ओन्ली होणाऱ्या डिस्कची. फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेत, बिघाड आढळला की पुढचे नुकसान टाळण्यासाठी लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम, तशी सेटिंग असल्यास, लिहिणे बंद करते.

जळगाव-धुळे भागातल्या जिनिंगचा वजनकाटा घ्या. कापसाची भरलेली गाडी काट्यावर येते, वजन नोंदले जाते; माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा मोजली की फरकावरून निव्वळ वजन निघते. पहिली नोंद डिस्कवर गेलीच नाही आणि प्रोग्रॅमने त्रुटी गिळली, तर ते कळेपर्यंत कापूस ढिगात मिसळलेला असतो. ते वजन पुन्हा घेता येत नाही.

म्हणून पावती छापण्याआधी नोंद पक्की झाल्याची खात्री हवी. ‘राइट’ ही लिहिण्याची आज्ञा यशस्वी झाली म्हणजे मजकूर बहुधा मेमरीत पोचला, एवढेच. डिस्कवर तो उतरवून घ्यायला ‘एफसिंक’ ही वेगळी आज्ञा लागते, आणि त्याचे उत्तरही तपासावे लागते. ते फसल्यावर पुन्हा एफसिंक करून मिळालेल्या यशावर विसंबू नये : लिनक्स मेमरीतली न लिहिलेली पाने (मजकुराचे तुकडे) लिहिल्यासारखी धरू शकते. २०१८ मध्ये हे ध्यानात आल्यावर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकसकांनी अशा वेळी डेटाबेस थांबवून लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, सावरण्याची पद्धत स्वीकारली.

‘लिहिता येईल का’ असे आधी विचारून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. विचारणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणातही डिस्क बदलू शकते. त्रुटीची नोंद त्याच डिस्कवरच्या लॉगमध्ये करणे तर निव्वळ विनोद. काट्यावर बसलेल्या माणसाला पडद्यावर क्रमांक ३० दाखवूनही उपयोग नाही. तिथे ‘वजनाची नोंद झालेली नाही, माल उतरवू नका’ असे ठळक दिसावे आणि प्रिंटर गप्प राहावा.