रेकॉर्डिंग अडखळतंय? आधी फ्रेम मोजा

टीव्हीवर गेम सुरळीत चालतो, आणि तोच गेम कॅप्चर कार्ड (गेम कन्सोलचं चित्र टिपून यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी) लावून लॅपटॉपवर रेकॉर्ड केला की चित्र झटके खात पुढे सरकतं. यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: नवी एसएसडी घ्या, नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर कार्डच बदला. खिशाला चाट बसण्याआधी एक तपासणी फुकटात होते. गेममधला कॅमेरा कंट्रोलरच्या काठीने (स्टिकने) एकाच गतीने गोल फिरवत अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करा. ती फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि कीबोर्डवरचं इंग्रजी ‘ई’ दाबत एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे न्या. कॅमेरा फिरतोय म्हटल्यावर प्रत्येक फ्रेममध्ये चित्र थोडं सरकायलाच हवं. सरकलं नाही, तर आधीचीच फ्रेम पुन्हा आली आहे. या पुनरावृत्तीचा क्रम काय आहे, यावरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.

सेकंदाला ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसत असेल, तर मुळात ३०च फ्रेम येत आहेत. गेमच ३० फ्रेमचा असू शकतो. टीव्हीवर तो तसाच चालत असतो, फक्त तेव्हा आपण खेळण्यात गुंतलेले असतो. दर सहा फ्रेममध्ये एक पुन्हा येत असेल, तर कन्सोल ५० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, चित्र पाठवतोय. भारतात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, म्हणजे ५० हर्ट्झचा. त्यामुळे कपाटातून काढलेल्या जुन्या कन्सोलवर हे दिसू शकतं. रेकॉर्डिंगही ५० फ्रेमवर ठेवलं की काम झालं.

सगळं व्यवस्थित आहे, पण साधारण दर १७ सेकंदांनी एक बारीकसा झटका बसतो, हा प्रकार मला सर्वांत गमतीचा वाटतो. त्याचं मूळ १९५३ सालच्या अमेरिकेत आहे. तिथे टीव्हीच्या सिग्नलमध्ये रंग बसवताना तो आवाजाच्या लहरीशी भांडू नये म्हणून चित्राचा वेग हजारात एक भागाने कमी केला गेला, आणि ६०चे ५९.९४ झाले. ते गणित एचडीएमआयच्या जमान्यातही सुटलेलं नाही. कन्सोल ५९.९४ने चित्र देत असेल आणि ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६०ने टिपत असेल, तर सेकंदाला ०.०६ फ्रेमची तूट पडते. ती साठत साठत १६.७ सेकंदांत एका फ्रेमएवढी होते आणि ओबीएस जुनीच फ्रेम पुन्हा वापरतं. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ५९.९४ हा पर्याय असतो, तो निवडायचा.

आता चित्र सेकंदाला पाच-सहाच वेळा बदलत असेल तर? इथे लॅपटॉपला दोष देण्यात अर्थ नाही, गाडी यूएसबीत अडली आहे. टीव्हीला जाणारं चित्र कार्डातून एचडीएमआयनेच थेट बाहेर पडतं, यूएसबीला स्पर्शही करत नाही. म्हणून टीव्हीवर काहीच बिघडत नाही. लॅपटॉपकडे जाणाऱ्या चित्राचा हिशेब वेगळा आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू. वायूवाय२ या न आवळलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) स्वरूपात प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणजे एका फ्रेमला सुमारे ४१.५ लाख बाइट आणि ६० फ्रेमना सेकंदाला २५० एमबीच्या आसपास. यूएसबी २ची कागदावरची क्षमता ६० एमबी आहे. त्यातही वेळेवर पोचलीच पाहिजे अशा माहितीसाठी सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात जास्तीत जास्त ३,०७२ बाइटची जागा राखून मिळते, म्हणजे सेकंदाला सुमारे २४.६ एमबी. भागाकार करा: सहा फ्रेमसुद्धा पुऱ्या बसत नाहीत. शिवाय या मार्गाने हरवलेली माहिती पुन्हा पाठवलीच जात नाही. फ्रेम गेली ती गेली.

यूएसबी २चं कार्ड असेल तर ओबीएसमध्ये व्हिडिओचं स्वरूप एमजेपेग निवडायचं. मग कार्ड प्रत्येक फ्रेम फोटोसारखी आवळून पाठवतं आणि अनेक स्वस्त कार्डांवर १०८०पीला ३० फ्रेम निघतात. त्यांच्या निळ्या प्लास्टिकच्या तोंडावर मात्र जाऊ नका. रंग यूएसबी ३चा आणि आतली चिप यूएसबी २ची, असा माल बाजारात सर्रास मिळतो. उलटही घडतं. खरंखुरं यूएसबी ३चं कार्ड जुन्या पोर्टात किंवा साध्या हबमध्ये खोचलं की तेही यूएसबी २च्या वेगावर उतरतं.

झटक्यांना काहीच क्रम नसेल, कधी लागोपाठ तीन तर कधी मिनिटभर एकही नाही, तर मात्र संगणकाकडे बघायचं. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत रेंडरिंगमुळे (चित्र तयार करताना) चुकलेल्या आणि एन्कोडिंगमुळे (ते आवळून साठवताना) गाळलेल्या फ्रेम वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. पहिला आकडा वाढतोय म्हणजे ग्राफिक्सवर ताण आहे. दुसरा वाढतोय म्हणजे एन्कोडरला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत उरकत नाही. तो प्रोसेसरवर चालत असेल तर एनव्हीएन्क किंवा क्विक सिंक असा, ग्राफिक्स चिपमधल्या वेगळ्या भागावर चालणारा हार्डवेअर एन्कोडर निवडावा. रेकॉर्डिंग पहिली दहा मिनिटं छान होतं आणि मग बिघडतं, तेव्हा बहुधा लॅपटॉप तापून वेग कमी करत असतो. बिचाऱ्या डिस्कवर उगाच आळ येतो. ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, ते जुनी हार्ड डिस्कही सहज पेलते.

एक प्रकार उरतो, त्यात दोष कुणाचाच नसतो. नव्या कन्सोलवरचे काही गेम १२० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० फ्रेमने चालतात. प्रत्येक चित्र २५ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे टीव्हीवर ते एकसारखं भासतं. ६०च्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक चित्र दोन फ्रेम, पुढचं एक फ्रेम, पुन्हा दोन, असं लंगडतं. सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी ४० हे ६०मध्ये समान वाटले जात नाहीत. कार्ड १२० फ्रेम टिपू शकत असेल तर ठीक, नाहीतर रेकॉर्डिंगपुरता गेम ३० किंवा ६०वर आणावा.