पार्श्वभूमी : प्रोसेसरांची तुलना आणि ‘स्टॉक’ या शब्दाचा गुंता

एकाच प्रोसेसरची चाचणी दोन ठिकाणी होते, दोघेही प्रामाणिकपणे ती ‘स्टॉक’ सेटिंगवर, म्हणजे काहीही न बदलता मूळच्या सेटिंगवर, घेतल्याचे सांगतात आणि रेंडरिंगचे (संगणकाकडून चित्रे वा व्हिडिओ तयार करून घेण्याच्या जड कामाचे) आकडे मात्र जुळत नाहीत. गेल्या सात-आठ वर्षांतल्या बहुतेक वादांचे मूळ या एका शब्दात आहे.

वेगाच्या आकड्यावरचा विश्वास त्याच्या बराच आधी उडाला होता. नव्वदच्या दशकात १५० मेगाहर्ट्झवर चालणारा सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ ‘पीआर२००+’ या नावाने, म्हणजे २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा म्हणून, विकला गेला. ऑफिसच्या कामात तो दावा निभावत असे, पण फ्लोटिंग पॉइंटवर (दशांश संख्यांच्या गणितावर) भिस्त असलेल्या थ्रीडी गेममध्ये तो उघडा पडे. २००१ मध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ आला, त्याचा खरा वेग १,५३३ मेगाहर्ट्झ. नावातला १८०० हा आकडा आपल्याच जुन्या अ‍ॅथलॉनच्या तुलनेत आहे, असा कंपनीचा खुलासा होता. वाचणाऱ्यांनी तो प्रतिस्पर्धी इंटेलच्या पेंटियम ४ शीच ताडून पाहिला. तिकडे पेंटियम ४ ची पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने पार पाडणारी साखळी) २० टप्प्यांवरून २००४ मध्ये ३१ टप्प्यांवर गेली, उष्णता आवरेना आणि ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती जाहीर होऊनही रद्द झाली. २००६ मध्ये इंटेलच्याच कमी गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला सहज मागे टाकले, तेव्हा हा विषय संपला.

माझ्या मते त्याहून मोठे वळण २००८ चे आहे. इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ बरोबर टर्बो, म्हणजे वेग आपोआप वाढवण्याची सोय, आला आणि प्रोसेसरला एकच एक वेग उरला नाही. किती कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामात आहेत, तापमान किती आहे आणि किती वॅट घेण्याची मुभा आहे, यावर क्षणाक्षणाला वेग ठरू लागला. चार कोअरच्या दिवसांत याचे फारसे काही वाटत नव्हते. २०१७ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा रायझन आला, कोअर वाढवण्याची चढाओढ लागली आणि वॅटची मर्यादा हाच कळीचा मुद्दा झाला.

इथे टीडीपीचा (थर्मल डिझाइन पॉवर, प्रोसेसरबरोबर जाहीर होणारा वॅटचा आकडा) घोळ समजून घ्यायला हवा. हा आकडा मुळात कूलरसाठी आहे : किती उष्णता वाहून नेण्याची तयारी ठेवावी, एवढेच तो सांगतो. इंटेलने तो बेस क्लॉकवरच्या (टर्बोविनाच्या मूळ वेगावरच्या) जड कामाशी बांधला. एएमडीच्या सूत्रात प्रोसेसरच्या आवरणाचे तापमान आणि भोवतालच्या हवेचे तापमान यांतला फरक घेऊन त्याला कूलरच्या उष्णतारोधाने भागतात. वीज त्यात कुठेच येत नाही. म्हणूनच एएम४ सॉकेटवरचा (बोर्डवरच्या त्या प्रकारच्या खाचेत बसणारा) १०५ वॅटचा रायझन प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत जाऊ शकतो. दोन खोक्यांवरचे ‘९५ वॅट’ शेजारी ठेवून विजेच्या खर्चाची तुलना करणे मुळातच चूक आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलचा कोअर आय९-९९००के आला आणि हा घोळ चव्हाट्यावर आला. टीडीपी ९५ वॅट, बेस क्लॉक ३.६ गिगाहर्ट्झ. पण अनेक मदरबोर्ड वॅटची मर्यादा उठवूनच येत होते. त्यांवर आठही कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर टिकून राहत आणि वापर दीडशे वॅटच्या वर जाई. ९५ वॅटची मर्यादा पाळणाऱ्या बोर्डवर तोच प्रोसेसर लांबलेल्या कामात बराच खाली येई. मग स्टॉक कोणते? ग्राहकाला बोर्ड जसा मिळतो तसाच तपासावा, असे एका बाजूचे म्हणणे. प्रोसेसर बनवणाऱ्याने सुचवलेली मर्यादा लावूनच मोजावे, असे दुसऱ्या बाजूचे. इंटेलने मात्र ही मर्यादा म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांसाठी शिफारस आहे, ती वाढवणे नियमबाह्य नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे निवाडा करणारे कोणी उरलेच नाही. मला दुसरी बाजू पटते; पहिल्या पद्धतीत प्रोसेसरबरोबर बोर्डचा उदारपणाही मोजला जातो. पण मग त्याच चाचण्यांत रॅमला एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) लावून अधिकृत वेगाच्या पुढे नेले जाते, त्याचे काय, हा पहिल्या बाजूचा प्रश्नही रास्त आहे. सुरुवातीच्या रायझनचा अंतर्गत दुवा रॅमच्याच वेगाने चालत असल्याने तिथे तर त्याने निकाल फिरत.

९९००केच्या विक्रीआधी इंटेलने पैसे देऊन करून घेतलेली एक चाचणीही प्रसिद्ध झाली होती. तीत एएमडीचा रायझन ७ २७००एक्स ‘गेम मोड’मध्ये ठेवला होता. या मोडमध्ये त्याचे आठपैकी चार कोअर बंद होतात. शिवाय त्याला खोक्यातला कूलर आणि प्रतिस्पर्ध्याला मोठा टॉवर कूलर. टीका झाल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

इंटेलच्या २०२० च्या कोअर आय९-१०९००केला १२५ वॅटची कायमची आणि ५६ सेकंदांपुरती २५० वॅटची मर्यादा सुचवली होती. म्हणजे मिनिटभरात संपणारा बेंचमार्क एक उत्तर देणार आणि अर्धा तास चालणारे रेंडरिंग दुसरे. २०२१ मध्ये १२९००केच्या वेळी इंटेलने टीडीपी हा शब्दच काढून टाकला आणि १२५ व २४१ वॅट असे दोन आकडे छापले. उशिरा का होईना, हे योग्य झाले. पुढच्याच वर्षी एएमडीचा रायझन ७९५०एक्स १७० वॅटचे लेबल आणि २३० वॅटची प्रत्यक्ष मर्यादा घेऊन आला. ६५ वॅटच्या इको मोडमध्येही त्याचा बहुतांश वेग शिल्लक राहत असे.

गेमच्या बाबतीत चित्र निराळे. तिथे वॅटपेक्षा कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, अतिवेगवान मेमरी) बोलते. एप्रिल २०२२ मधला एएमडीचा ५८००एक्स३डी साध्या ५८००एक्सपेक्षा कमी वेगाने चालतो, पण ९६ मेगाबाइट एल३ कॅशेमुळे गेममध्ये सरस ठरतो.

इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले कोअर प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये गाजले. बोर्ड बनवणाऱ्यांनी आधी मर्यादा पाळणारी ‘बेसलाइन’ प्रोफाइल बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) दिली, ऑगस्टमध्ये प्रोसेसरची १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले सॉफ्टवेअर) आला. त्यापूर्वी काढलेले त्या प्रोसेसरांचे आलेख आज मिळणाऱ्या डिफॉल्ट सेटिंगचे नाहीत. २०२२ चा १३९००के आणि नवा कुठलाही प्रोसेसर एकाच तक्त्यात दिसला, तर जुन्याची चाचणी नव्या बायोसवर पुन्हा घेतली आहे का, हे आधी पाहावे लागते.