गावच्या अभ्यासिकेचं आगाऊ बुकिंग: नियम, पात्रता आणि कागदपत्रं

खुर्च्या मोजक्या आणि पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं जास्त. अशा ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत ऑनलाईन बुकिंग सुरू करायचं ठरलं की सगळे आधी सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर बोलतात. खरं भांडण होतं ते किती दिवस आधी जागा धरता येते यावरून.

रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली. फार आधी काढलेली बरीच तिकिटं पुढे रद्द होत होती, काही प्रवासी तर रद्दही न करता गाडीला येत नव्हते. तिथे निदान तिकिटाचे पैसे अडकलेले असतात. फुकटच्या खुर्चीवर नाव टाकून ठेवायला कोणाचं काय जातं?

माझ्या मते मुदत सात दिवसांच्या पुढे नेऊच नये. सोयाबीनची सोंगणी किंवा कापूसवेचणी चालू असताना मजुरीला जाणाऱ्या पोरीला उद्याचं काम आज संध्याकाळी कळतं. महिनाभराचं बुकिंग खुलं केलं, तर ज्यांचा वेळ आधीच मोकळा आहे तेच सगळ्या जागा धरतात. बुकिंग उघडायची वेळही म्हणूनच बघावी लागते. प्रणालीत नवा दिवस मध्यरात्री उघडत असेल आणि बदलता येत असेल, तर संध्याकाळी सात करा. माणसं शेतातून घरी आलेली असतात आणि लाईन असली तर फोनही चार्ज असतो.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधलं खोलीचं खातं (खोलीच्या नावाने काढलेलं, बुकिंग आपोआप स्वीकारणारं खातं) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: ते मुळात 180 दिवस पुढचं आणि सलग 24 तासांपर्यंतचं बुकिंग स्वीकारतं. दोन्ही आकडे आपणच खाली आणायचे. 'दर सोमवारी' अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या बुकिंगलाही तिथे आधीपासून परवानगी असते, ती काढून टाका.

पण सेटिंगला हात लावण्याआधी मासिक सभेचा ठराव हवा. संगणक परिचालकाने आपल्या मनाने नियम टाकले की पुढे सगळा राग त्याच्यावरच निघतो. ठरावात मुदत, एका व्यक्तीच्या नावावर एका वेळी किती बुकिंग, किती मिनिटांत आला नाही तर जागा मोकळी, आणि शुल्क असल्यास किती, हे सगळं आकड्यांत लिहा. 'योग्य त्या मुदतीत' असले शब्द नकोत. ठरावाची प्रत सूचना फलकावर लागली की मग सेटिंग करायचं. शुल्क फोनवरून आलं तरी नमुना 7 ची, म्हणजे ग्रामपंचायतीची सामान्य, पावती फाडावी.

पात्रतेत गावचा रहिवासी एवढं पुरे. गट ग्रामपंचायत असेल तर प्रत्येक गावाचं नाव ठरावात घ्या, नाहीतर लहान गावाची पोरं दारातून परत जातात.

नोंदणीला अर्ज, एक फोटो आणि ओळख-पत्त्याचा एक पुरावा घ्यावा. आधार घेतलंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. 18 वर्षांखालील मुलांच्या अर्जावर पालकाची सही हवी. रहिवासी दाखला मात्र मागू नका; पत्त्याचा पुरावा घेतल्यावर आणखी एक कागद कशाला आणायला लावायचा?

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी काही खुर्च्या ऑनलाईनमधून बाहेर ठेवा. त्या रजिस्टरवर, समोर येणाऱ्याला, त्याच दिवशी द्यायच्या.

मुदत पुढे बदलायची झाली तर नवा ठराव करा आणि आधीची बुकिंगं जुन्या नियमानेच चालू द्या. भरतीची तारीख जाहीर झाली की 'मुदत वाढवा' असा आग्रह धरला जातोच. तेव्हा मुदत आहे तीच ठेवून एकाच्या रोजच्या वेळेला कात्री लावा. सहाचे चार तास केले तर त्याच खुर्चीवर बारा तासांत दोनाऐवजी तीन जण बसतात.